एंजल आणि बटरफ्लाय एकाच टाकीत: कोण कोणाशेजारी राहील?

समुद्री माशांची टाकी ठेवणाऱ्याला एक प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतोच: "हा एंजल आणि तो बटरफ्लाय एकत्र ठेवले तर चालतील का?" विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच हवं असतं. त्यासाठी तयार तक्तेही मिळतात. उभ्या रांगेत एक जात, आडव्या रांगेत दुसरी आणि दोघांच्या चौकोनात हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. मीही सुरुवातीला असा एक तक्ता छापून टाकीशेजारी चिकटवला होता. हिरव्या चौकोनातल्या दोन माशांपैकी एकाने चौथ्या दिवशी दुसऱ्याचे पर फाडले आणि मी तो तक्ता काढून टाकला. तसा तो खोटा नव्हता. पण टाकी किती लांब आहे, आधी कोण आलंय आणि कोणाला काय खायला मिळतंय, हे लिहायला त्यात जागाच नव्हती. या लेखात त्या न लिहिलेल्या गोष्टींबद्दलच बोलायचंय.

आधी नावाचा एक घोळ मिटवू. एंजलफिश म्हटलं की बहुतेकांना गोड्या पाण्यातला उंच, त्रिकोणी, लांब परांचा मासा आठवतो. तो सिक्लिड कुळातला, दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला. समुद्री एंजलशी त्याचं नाव सोडून काहीच जुळत नाही. समुद्री एंजलचं कुळ पोमाकँथिडी, त्यात सुमारे ९० जाती. बटरफ्लायचं कुळ कीटोडॉन्टिडी, त्यात सुमारे १३०. दोघेही बाजूने चपटे, थाळीसारखे आणि भडक रंगांचे असतात, त्यामुळे एके काळी शास्त्रज्ञही त्यांना एकाच कुळात धरत. वेगळं ओळखायची खूण गालावर असते. एंजलच्या कल्ल्याजवळ, गालाच्या खालच्या कोपऱ्यात, मागे वळलेला एक जाड काटा असतो. बटरफ्लायला तो नसतो. या काट्याचा विषय शेवटी पुन्हा निघणार आहे.

दातांचा फरक त्याहून कामाचा. बटरफ्लायचे दात ब्रशच्या केसांसारखे बारीक असतात. 'कीटोडॉन' या नावातच ते आहे. असा मासा दिवसभर हिंडत एकेक घास टिपतो: प्रवाळाचा एखादा पॉलिप (ज्यांच्या वसाहतीने प्रवाळ बनतो तो इवला जीव), फटीतला किडा, कोळंबीचं पिल्लू. मोठ्या एंजलचा जबडा मजबूत असतो, स्पंजाचा लचका तोडण्याजोगा. स्पंज हा खडकाला चिकटून राहणारा समुद्री प्राणी, जागचा हलत नाही, म्हणून ज्याच्या हद्दीत स्पंज त्याचं पोट भरलेलं. एंजलचा मालकी गाजवायचा स्वभाव बराचसा इथून येतो. बटरफ्लाय मात्र बहुतेक वेळा जोडीने भटकतात आणि धोका दिसला की फट शोधतात. म्हणजे एक हद्द राखणारा आणि दुसरा बुजरा, अशी ही संगत आहे. दोघांना एका खोलीत ठेवायचं तर खोली बुजऱ्याच्या सोयीने लावावी लागते. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात येतं, पुढे त्याचे तपशील आहेत.

पोटापासून सुरुवात

मासे जमतील का हे विचारण्याआधी, यातला प्रत्येक मासा एकटा तरी जगेल का, हे विचारायला हवं. टाकीतल्या बऱ्याच बटरफ्लायचा जीव भांडणात जात नाही, उपासमारीत जातो. भांडण दिसतं म्हणून नाव त्याचं होतं.

बटरफ्लायच्या काही जाती जवळजवळ जिवंत प्रवाळावरच जगतात. शेव्हरॉन बटरफ्लाय तर अ‍ॅक्रोपोरा जातीच्या प्रवाळाशिवाय फारसं काही तोंडातच घेत नाही. मेयर्स, ऑर्नेट, एटबँडेड, बॅरोनेस हे त्याच पंगतीतले. दिसायला हे सगळ्यात देखणे, आणि विक्रीच्या टाकीत नजर आधी त्यांच्यावरच जाते. ते विकत घेऊ नका. पर्यायी अन्नावर यांपैकी एखादा टिकल्याच्या गोष्टी ऐकायला मिळतात. न टिकलेल्यांच्या गोष्टी कोणी सांगत बसत नाही.

दुसऱ्या टोकाला ऑरिगा, रकून, व्हॅगबाँड, क्लाइन्स आणि पर्लस्केल आहेत. हे मिळेल ते खातात, गोठवलेला मायसिस आणि आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) लवकर स्वीकारतात आणि नवशिक्याच्या चार चुका पोटात घालतात. यलो लाँगनोजही यांच्यातच धरायला हरकत नाही. नळीसारखं लांब तोंड बघून तो नाजूक वाटतो, पण अन्नाच्या बाबतीत समंजस आहे. कॉपरबँडचं तोंडही तसंच, स्वभाव मात्र वेगळा. तो काचेला चिकटलेल्या नकोशा समुद्रफुलांचा फडशा पाडतो अशी त्याची ख्याती आहे आणि त्याच कामासाठी लोक तो आणतात. कधी खातो, कधी ढुंकूनही बघत नाही. तो उपाशी राहत असेल तर उघडलेला ताजा शिंपला खडकाच्या फटीत खोचून ठेवून बघा. न हलणारं, टिपत खाता येणारं अन्न त्याला ओळखीचं वाटतं.

तिसरा गट मला सगळ्यात आवडतो: पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव खाणारे बटरफ्लाय. पिरॅमिड बटरफ्लाय आणि कळपाने राहणारा बॅनरफिश हे त्यातले मुख्य. ते खडकापासून दूर, मधल्या पाण्यात पोहतात, प्रवाळाला सहसा तोंड लावत नाहीत आणि खाण्यावर एंजलशी त्यांची टक्करही होत नाही. बॅनरफिश घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. त्याचे दोन अगदी सारखे दिसणारे प्रकार मिळतात, हेनिओकस डायफ्रूटीस आणि हेनिओकस अ‍ॅक्युमिनेटस. पहिला कळपातला, दुसरा मोठेपणी एकटा किंवा जोडीने राहणारा आणि प्रवाळ टोचणारा. पाठीवरच्या परातले काटे मोजले तर पहिल्यात सहसा बारा आणि दुसऱ्यात अकरा निघतात. पोहणाऱ्या माशाचे काटे कोण मोजणार, हा प्रश्न रास्त आहे. मी फोनवर फोटो काढून मोजतो.

एंजलच्या खाण्याबद्दल एक जुना अभ्यास फार बोलका आहे. जॉन रँडल आणि विलार्ड हार्टमन यांनी वेस्ट इंडीजमधल्या माशांच्या पोटातलं अन्न तपासून १९६८ साली निष्कर्ष मांडले. क्वीन एंजल आणि रॉक ब्यूटी या दोन एंजलच्या पोटातलं ९५ टक्क्यांहून जास्त अन्न स्पंज होतं. फ्रेंच आणि ग्रे एंजलमध्ये हे प्रमाण ७० ते ७५ टक्क्यांच्या आसपास. आता गंमत बघा. क्वीन आणि रॉक ब्यूटी यांचा आकडा जवळजवळ सारखा, पण टाकीत क्वीन कोळंबी, शिंपले, शैवाल सगळं हादडते, तर रॉक ब्यूटी बरेचदा हळूहळू खंगत जाते. समुद्रात मासा काय खातो याइतकंच, दुसरं काही खायची त्याची किती तयारी आहे, हेही बघावं लागतं. हे पुस्तकात कळत नाही, तो मासा डोळ्यांसमोर खाताना बघावा लागतो. रीगल एंजलबाबत तर हे शंभर टक्के लागू. हिंद महासागर आणि तांबड्या समुद्रातला पिवळसर छातीचा रीगल, पॅसिफिकमधल्या करड्या-निळसर छातीच्या रीगलपेक्षा खाण्यावर लवकर येतो असा अनेकांचा अनुभव आहे. तरीही खाताना पाहिल्याशिवाय तो घ्यायचा नाही.

एंजलच्या रोजच्या ताटात स्पंज घातलेलं गोठवलेलं खाद्य, वाळवलेलं समुद्री शैवाल आणि थोडं मांसाहारी अन्न असावं. दिवसातून एकदा भरपूर देण्यापेक्षा तीन-चार वेळा थोडं द्या. बटरफ्लाय हळू खातो, एंजल धसमुसळेपणाने. एकाच कोपऱ्यात अन्न टाकलं तर एंजलच फुगत जाईल. दोन टोकांना टाका, तेही एकाच क्षणी. एंजल एका टोकाला गुंतला की दुसऱ्या टोकाला बटरफ्लायला श्वास घ्यायला सवड मिळते.

शत्रू ओळखायचा कसा? आरशात बघून

रीफवरच्या, म्हणजे प्रवाळखडकांतल्या, माशाला सगळ्यात जास्त राग स्वतःसारख्या दिसणाऱ्याचा येतो. १९७३ च्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी, प्राणिवर्तनतज्ज्ञ कॉनराड लॉरेंझ, यांची कल्पना अशी होती की प्रवाळातल्या माशांचे भडक रंग म्हणजे लावलेले फलक आहेत, 'माझ्या जातीच्याला इथे मज्जाव' असं सांगणारे. पुढच्या संशोधनात ही कल्पना सरसकट टिकली नाही. भडक रंगाचे कितीतरी मासे गुण्यागोविंदाने जोडीने राहतात आणि त्यात बटरफ्लायच पुढे आहेत. पण टाकीपुरता त्यातला गाभा उपयोगी पडतो. एकाच प्रजातीचे दोन मासे सगळ्यात धोक्याचे, त्याखालोखाल एकाच गटातले, त्याखालोखाल रंग-आकाराने मिळतेजुळते. जितकं साम्य कमी, तितकी शांतता जास्त.

निसर्गात याचा फायदा घेणारे बहुरूपीही आहेत. चॉकलेट सर्जनफिश नावाच्या माशाचं पिल्लू लेमनपील या पिवळ्या बुटक्या एंजलची हुबेहूब नक्कल करतं. मोठं झालं की सोंग उतरवून आपला तपकिरी रंग घेतं. दिसण्याला रीफवर किती वजन आहे, ते यावरून कळावं.

एंजलची पिल्लं तर स्वतःच वेगळ्या कपड्यात वाढतात. एम्परर एंजलचं पिल्लू गडद निळं आणि अंगावर पांढरी वर्तुळं. मोठा झाला की निळ्या-पिवळ्या आडव्या पट्ट्यांचा, डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेला. कोणाला सांगितलं नाही तर दोन वेगळे मासे वाटतील. पिल्लाचा रंग वेगळा असल्याने हद्दीचा मालक त्याला प्रतिस्पर्धी समजत नाही, असं त्यामागचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. टाकीवाल्यासाठी यात सापळा आहे. पिल्लू म्हणून आणलेला एम्परर पहिली एक-दोन वर्षं शहाण्यासारखा राहतो. मग रंग पालटतो, लांबी वाढते आणि एके दिवशी त्याच्या लक्षात येतं की हे घर आपलं आहे. लोक म्हणतात, मासा अचानक बिघडला. बिघडला नाही, वयात आला.

यावरून घरात कोणाला आणायचं ते ठरतं. पोमाकँथस आणि होलाकँथस या गटांतले मोठे एंजल, म्हणजे एम्परर, कोरान, फ्रेंच, ग्रे, क्वीन, एका टाकीत एकच. फार मोठ्या टाकीत, वेगळ्या गटातले, वेगळ्या रंगाचे आणि लांबीत ठळक फरक असलेले दोन मोठे एंजल ठेवणारे लोक आहेत. त्यांच्या टाक्या मी पाहिल्या आहेत, पण तो धीर माझ्यात नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे मोठ्या एंजलइतकं दुसऱ्या कुठल्या माशाला लागू पडत नसेल.

बुटके एंजल, म्हणजे सेंट्रोपायजी गट, हे वेगळं प्रकरण. फ्लेम, कोरल ब्यूटी, बायकलर, लेमनपील हे दहा ते पंधरा सेंटिमीटरचे. अंगापेक्षा तोरा मोठा, पण मोठ्या एंजलच्या नजरेत ते क्वचितच भरतात आणि बटरफ्लायशीही त्यांचं सहसा जुळतं. भांडण आपापसात. चारशे लिटरच्या आत त्यांच्यातला एकच ठेवावा. यांचं एक वैशिष्ट्य मात्र वापरता येतं. हे सगळे आधी मादी असतात. गटातला सगळ्यात दांडगा नर होतो आणि बाकीच्या माद्याच राहतात. त्यामुळे एकाच जातीचे दोन लहान मासे, एक थोडा मोठा आणि एक स्पष्ट लहान, एकाच वेळी सोडले तर पुष्कळदा जोडी जमते. दोन पूर्ण वाढलेले नर एकत्र आले तर त्यांना परत मादी करत बसायला टाकीत जागा नसते.

जेनिकँथस गटाबद्दल फार कमी बोललं जातं, याचं मला नवल वाटतं. लॅमार्क, वातानाबे, ब्लॅकस्पॉट हे सगळे कात्रीसारख्या शेपटीचे, मधल्या पाण्यात सूक्ष्म जीव टिपणारे. नर-मादी रंगाने वेगळे असल्याने चुकून दोन नर आणण्याची भीती नाही. प्रवाळाला धोका नगण्य. बटरफ्लायसोबत ठेवायला एंजलमधली सगळ्यात सोपी निवड हीच.

बटरफ्लायचं आपापसात काय? वेगवेगळ्या जातींचे बटरफ्लाय, विशेषतः एकत्र सोडलेले, बहुधा एकमेकांकडे दुर्लक्ष करतात. ऑरिगाची जोडी शोभते. तांबड्या समुद्रातले पिवळेधमक सेमिलार्व्हाटस तर जोडीने आणि झुंडीनेही राहतात. अपवाद दोन: दोन लाँगनोज आणि दोन कॉपरबँड. लांब तोंडाने टोचण्याची कला ते एकमेकांवरही वापरतात.

किती जागा लागते

इथे लिटरच्या आकड्याइतकीच लांबी महत्त्वाची. उंच आणि आखूड टाकीत पाणी भरपूर मावतं, पण पळायला वाव नसतो. बुटक्या एंजलला किमान दोनशे-अडीचशे लिटर लागतात. ऑरिगा किंवा रकून वीस सेंटिमीटरच्या आसपास वाढतात, त्यांना चारशेच्या खाली ठेवू नये. एम्परर चाळीस सेंटिमीटरपर्यंत, क्वीन त्याहून थोडी जास्त आणि ग्रे एंजल तर साठपर्यंत वाढतो. यांच्यासाठी सातशे लिटर ही सुरुवात समजा आणि टाकी दोन मीटरपेक्षा लांब असू द्या.

खडक रचताना एक भिंत उभी करण्याऐवजी दोन-तीन वेगळे ढीग करा, मधून मोकळी वाट ठेवा. एका ढिगाशी मालक झालेल्या एंजलला दुसरा ढीग नजरेआड असला की पाठलाग तिथेच संपतो. रात्री प्रत्येक माशाला स्वतःची फट लागते. फटी माशांपेक्षा जास्तच असाव्यात, नाहीतर दिवे मालवल्यावर जी ढकलाढकली होते ती तुम्हाला दिसतही नाही, सकाळी फाटलेले पर तेवढे दिसतात. रकून बटरफ्लायची एक गंमत अशी की इतर झोपायला जातात तेव्हा त्याचा दिवस सुरू होतो. त्याला संध्याकाळचा घास द्या.

पाण्याचं थोडक्यात: तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस, विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५, पीएच ८.१ ते ८.४. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट वीस पीपीएमच्या आत. नव्या टाकीत हे मासे सोडू नका. सायकल, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जीवाणू टाकीत पुरेसे वाढणं, पूर्ण व्हायला महिना-दीड महिना लागतो आणि त्यानंतरही खडकांवर शैवाल, स्पंज, किडे जमायला आणखी काही महिने जातात. बटरफ्लायला टिपायला हवं ते हेच. सहा महिने जुनी टाकी नव्या चकचकीत टाकीपेक्षा त्याला कितीतरी मानवते.

प्रवाळांची टाकी असेल तर हिशेब बदलतो. बहुतेक बटरफ्लाय आणि सगळेच मोठे एंजल प्रवाळ, नळीतले किडे, शिंपले यांवर कधी ना कधी तोंड टाकणार. बुटके एंजल म्हणजे छापा की काटा: एकाचा फ्लेम वर्षानुवर्षं प्रवाळाकडे बघत नाही, दुसऱ्याचा तिसऱ्या दिवशी चावतो. प्रवाळ जपायचे असतील तर जेनिकँथस, पिरॅमिड आणि कळपातला बॅनरफिश एवढ्यावर थांबावं.

आधी कोण, नंतर कोण

जमणं आणि न जमणं यांतला सगळ्यात मोठा वाटा माझ्या अनुभवात क्रमाचा असतो. रिकाम्या टाकीत पहिला शिरलेला मासा सगळी टाकी आपली समजतो. म्हणून बुजऱ्याला आधी, दांडग्याला शेवटी.

एक उदाहरण घेऊ. १८० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, ६० उंच टाकी. गुणाकाराने ६४८ लिटर, खडक आणि वरची मोकळी जागा वजा केली की साडेपाचशेच्या आसपास पाणी. यात मी पहिल्यांदा तीन पिरॅमिड बटरफ्लाय एकत्र सोडेन. ते कोणाच्या अध्यातमध्यात नसतात आणि त्यांना बिनधास्त पोहताना बघून मागून येणारेही लवकर बाहेर पडतात. दोन महिन्यांनी एक ऑरिगा आणि एक यलो लाँगनोज, दोघे एकाच दिवशी. ते स्थिरावून नीट खाऊ लागले की एक कोरल ब्यूटी. सगळ्यात शेवटी लॅमार्क एंजलचा नर. एम्परर? या टाकीत त्याला जागा नाही. "पिल्लूच तर आहे, मोठा झाला की बघू" हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलंय आणि एकदा स्वतःही म्हटलंय. मोठा झालेला एम्परर घ्यायला कोणी सहज तयार होत नाही. त्याच्यासाठी २४० सेंटिमीटरची टाकी बांधा, मग वरची सगळी मंडळी त्याच क्रमाने आणा आणि एम्परर अगदी शेवटी.

यातल्या प्रत्येक पायरीआधी नवा मासा वेगळ्या टाकीत किमान चार आठवडे ठेवायचा. खाऱ्या पाण्यातला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन, मुख्य टाकीत शिरला की हा परजीवी माशावरून उतरून तळाशी, खडकावर कवचात बसतो आणि आठवडे काढतो. मग सगळे मासे बाहेर काढून मुख्य टाकी जवळपास अडीच महिने माशांविना ठेवणं, हाच रूढ उपाय उरतो. तांब्याचं औषध मुख्य टाकीत कधीच घालू नका. खडक ते शोषून घेतात, शंख-कोळंबी-प्रवाळ मरतात. बुटके एंजल तांब्याला नाजूक असतात, तेव्हा वेगळ्या टाकीतही मात्रा रोज मोजूनच. आणि घाबरून औषध ओतण्याआधी नीट बघा: परांच्या कडेला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे पांढरे गोळे असतील तर तो बहुधा लिम्फोसिस्टिस हा विषाणू. एंजल-बटरफ्लायमध्ये तो बरेचदा आढळतो आणि चांगलं खाणं-पाणी मिळालं की आपोआप जातो.

हे चार आठवडे खाण्याच्या सवयीसाठीही लागतात. कोणाशी स्पर्धा नसलेल्या टाकीत मासा मायसिस खायला शिकला की निम्मी लढाई झाली. निवडतानाही हेच बघा. बटरफ्लाय आठ ते बारा सेंटिमीटरचा असावा. फार लहान लवकर उपाशी पडतो, फार मोठा सवयी बदलत नाही. डोक्यामागचा भाग खोलगट दिसत असेल, पोट आत गेलं असेल, श्वास धापांसारखा चालला असेल तर किती का देखणा असेना, तिथेच सोडा. निरोगी बटरफ्लाय विक्रीच्या टाकीतही सतत काहीतरी टोचत असतो.

मुख्य टाकीत सोडण्याचा दिवस. दिवे मंद, जुन्या माशांची पोटं भरलेली. खडकांची थोडी उलथापालथ केली तर जुन्या मालकांनाही हद्द नव्याने आखावी लागते आणि नव्याकडे लक्ष कमी जातं. भोकं असलेल्या पारदर्शक डब्यात नव्याला चार-पाच दिवस टाकीतच ठेवलं तर आणखी चांगलं. एकमेकांना बघून होतं, चावता येत नाही. डब्यासमोर येऊन जुना मासा पर ताठ करून नाचतो, मग कंटाळतो. तो कंटाळला की डबा उघडायचा. मी टाकीच्या दुसऱ्या टोकाला बाहेरून आरसाही टेकवतो. दांडग्या एंजलला तिथे खरा शत्रू सापडतो आणि दोन दिवस तो त्यातच अडकतो. आरसा चार-पाच दिवसांत काढून टाका, उगाच त्याला दमवू नका.

पाठलाग झालाच तर

पहिले दोन-तीन दिवस थोडी पळापळ होणारच. नवा मासा पळून जाऊन पुन्हा बाहेर येत असेल आणि खात असेल तर हात घालू नका. वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या पृष्ठभागाशी टेकून उभा असेल, खायला येत नसेल, किंवा फाटलेले पर दुसऱ्या दिवशी आणखी फाटलेले दिसले, तर त्याच दिवशी बाहेर काढायचं. कोणाला? बहुतेक लोक मार खाणाऱ्याला काढतात. मी मारणाऱ्याला काढतो.

इथे तो काटा. एंजलला जाळीने पकडायला गेलात तर गालावरचा काटा जाळीत अडकतो. सोडवताना गाल फाटतो आणि मासा दहशतीने आणखी धडपडतो. बटरफ्लायच्या पाठीचे काटेही अडकतात, पण एंजलइतके नाही. पारदर्शक सापळा किंवा मोठा डबा वापरा. त्यात शिंपला ठेवा, दोन दिवस दार उघडंच राहू द्या, तिसऱ्या दिवशी तो जेवायला आत गेला की बंद करा. सगळ्यात धीट मासा सापळ्यात आधी शिरतो आणि मारकुटाही बहुधा तोच असतो, हे आपल्या पथ्यावर पडतं.

काढलेल्या एंजलला वेगळ्या टाकीत दोन-तीन आठवडे ठेवा. तेवढ्या काळात मार खाल्लेला बटरफ्लाय बाहेर यायला लागतो, स्वतःची फट पक्की करतो, सगळ्या टाकीत हिंडतो. मग खडक थोडे हलवून एंजलला परत सोडा, अगदी नव्या माशासारखा, आधी डब्यात आणि मग मोकळा. या वेळी टाकीत नंतर आलेला तो असतो.